फोनवरचा प्रफुल्ल

पावणेदहा वाजून गेले तरी टेबलावरचा काळा फोन वाजला नव्हता. प्रफुल्ल ओव्हाळच्या हे ध्यानात आलं तेव्हा तो पाणी पीत होता, आणि घोट तसाच घशात अडकला. घोट अडकणं नवीन नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी थायरॉइडची गाठ काढल्यापासून पाणी, भाकरी, शब्द, सगळंच त्याच्या गळ्यात जरा थांबून मग पुढे जायचं. पण आजचं कारण तो फोन होता. बाहेर ठाण्यावर ऑक्टोबरातली दमट, बिनवाऱ्याची सकाळ पसरली होती. खिडकीबाहेरच्या अशोकाचं एक पान हलेल तर शपथ. अशा सकाळी डोंबिवलीतल्या कारखान्यांचा वास जमिनीलगत बसून राहतो, आणि अशा सकाळी 'खाडीपार' या पेपरच्या डेस्कवरचा फोन प्रफुल्लला हातातला डबा ठेवायलाही सवड देत नसे. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. रजा संपवून कामावर येऊन त्याला सहा आठवडे झाले होते. त्या सहा आठवड्यांत फोन एकदाही वाजला नव्हता, आणि हे त्याला आज कळत होतं. इतके दिवस ती शांतता त्याला सुखाची वाटली होती, या विचाराने त्याला स्वतःचीच किळस आली.

वासाची वही त्यानंच सुरू केली होती. लाल कापडी बांधणीची, तीन रकान्यांची: वेळ, वस्ती, आणि वास कशासारखा. खरा जीव तिसऱ्या रकान्यात. रसायनाचं नाव फोन करणाऱ्याला ठाऊक नसतं. कारखानदाराला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. तेव्हा लोकांनाच विचारायचं, कशासारखा येतोय? सडक्या कोबीसारखा, ओल्या काडेपेटीसारखा, नेलपॉलिशसारखा. तीन वेगळ्या दिशांनी तीन फोन आले की बातमी धरायची, आणि संध्याकाळी प्रत्येकाला उलट फोन करून विचारायचं, गेला का हो वास? हा उलट फोन म्हणजे 'खाडीपार'चा रिवाज. दुसऱ्या पेपरांतली मंडळी त्याला 'वासवाले ओव्हाळ' म्हणायची आणि तो ते मिरवायचा. सगळ्यांत खात्रीचं नाक होतं सरस्वती मावशींचं. डोंबिवलीत सोनारपाड्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला खेटून राहणारी ही आगरी बाई, चौऱ्याहत्तरीची, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेली. मुलगा आणि सून कामावर गेले की घरात ती एकटी आणि तिचा बटणांचा फोन. तिनं सांगितलेला वास तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यायचा: सुकटीच्या डब्यात रॉकेल सांडल्यावानी. मिठागरात मेलेल्या बेडकावानी. अकरा वर्षांत ती त्याला भेटली नव्हती, तोही तिला भेटला नव्हता. 'येकदा ये रं जेवाला, जवला करतंय तुझ्यासाटी,' असं ती दर वेळी म्हणायची, आणि तो दर वेळी येतो म्हणायचा.

गेल्या वर्षी ऑफिसात 'वाचकसखा' आला. परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीचा, लिहिणारा आणि बोलणारा प्रोग्रॅम. ती कंपनी कुठे बसते हे संपादकांनाही धड सांगता येत नसे. आधी तो फक्त प्रेसनोटांच्या बातम्या करायचा, मग हेडिंग द्यायला लागला, मग वाचकांचे फोन उचलायला लागला. डेस्कवर अकरा माणसं होती ती पाच झाली, आणि उरलेल्या पाचांना काम इतकं हलकं वाटायला लागलं की गेलेल्या सहांबद्दल बोलायचं राहूनच गेलं. प्रफुल्ल त्या पाचांतला. तो दवाखान्यात पडलेला असताना पायल मोसंबी घेऊन भेटायला आली होती. पायल म्हणजे डिजिटल विभागाची प्रमुख, अठ्ठावीस वर्षांची, कामाला वाघ आणि मनानं चांगली. "सर, वाचक तुम्हालाच विचारतात हो. अनोळखी आवाज आला की फोन ठेवून देतात. तुमचा आवाज सख्याला दिला तर चालेल? जुन्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग आहेच आपल्याकडे." त्याच्या गळ्याला पट्टी, बोलायची बंदी. त्यानं मान डोलावली आणि तिनं पुढे धरलेल्या टॅबवर बोटानं सही केली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. आवाजाच्या नसेला धक्का लागलाय, पहिल्यासारखा आवाज येईलच असं नाही, हे डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. निदान कुठेतरी तो शिल्लक राहील, एवढंच तेव्हा मनात आलं. निशा, त्याची बायको, तेवढी म्हणाली, "अरे, वाचून तरी सही करायची." आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. पुढे तो आवाज कसा निघालाय हे ऐकायचं त्यानं टाळलं. आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो उलटा करून ठेवतात, तसंच काहीसं ते होतं.

तो उठून पायलच्या टेबलापाशी गेला. "आज डोंबिवलीतून फोन नाहीत?" त्याचा आवाज आता किसणीवरून आल्यासारखा यायचा, आणि समोरच्याला पुन्हा विचारावं लागायचं. पायल पुन्हा विचारत नसे, हा तिचा चांगुलपणा.

"आहेत ना सर. त्रेचाळीस. सकाळी सहापासून." तिनं पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यावर एकच ओळ होती. वासाच्या तक्रारी, डोंबिवली पूर्व. पुनरावृत्ती. प्राधान्य: कमी.

"त्रेचाळीस माणसं आणि एक ओळ?"

"सारखे कॉल तो एकत्र करतो. वासाचे तर दर आठवड्याला असतात ना, सर. सगळे डेस्कवर सोडले तर आपण बुडू."

"आणि उलट फोन?"

"तोच करतो. संध्याकाळी सहाला, न चुकता. लोक खूश आहेत."

त्यानं ऐकायला मागितलं. पायलनं कानाला लावायला हेडफोन दिला, यादीतला मावशींचा पहिला फोन उघडला. सकाळी सहा वीस. आधी एक खोकला, मग मावशींचा आवाज: "प्रफुल्ल, आज येगलाच वास हाय रं. लसून करपल्यावानी. घशात बसतंय." आणि मग तो बोलला. म्हणजे प्रफुल्लच बोलला, गाठीच्या आधीचा, भरदार, शेवटचं अक्षर जरा रेंगाळत सोडणारा. "नमस्कार मावशी. नोंद घेतली आहे. तुम्ही ठीक आहात ना?" प्रफुल्लला वडील आठवले. धोंडीबा ओव्हाळ, वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं. घरी येऊन थुंकले की मोरीत निळं दिसायचं. अक्षरओळख नव्हती. चाळीच्या गॅलरीत बसून ते प्रफुल्लकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे, शेजारचे चारजण येऊन बसायचे, आणि वाचून झालं की धोंडीबा सगळ्यांकडे बघून म्हणायचे, 'माझ्या पोराच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं.' एकदा कारखान्यानं पत्रक काढलं होतं की रंगानं कामगारांच्या तब्येतीला काही होत नाही. तेही प्रफुल्लनं असंच, नऊ वर्षांच्या वयात, गॅलरीत उभं राहून खणखणीत वाचलं होतं. वडील समाधानानं ऐकत होते.

कानात मावशी विचारत होत्या, "वर्षाली बोलते, माझ्यासंगती चला, तुमाला भावाकडं सोडतंय. जाऊ का ऱ्हाऊ?" वर्षाली म्हणजे सून. आणि तो आवाज, मायेनं, अजिबात घाई न करता: "कारखान्यानं परिस्थिती नियंत्रणात असल्याचं कळवलं आहे, मावशी. घाबरून जाऊ नका. अफवांवर विश्वास ठेवू नका." "बरं. तू बोल्लास म्हंजे झालं. ऱ्हातंय मी घरीच." दुसरा फोन सात चाळीसचा. तिसरा नऊ पाचचा, त्यात मावशी शब्दाशब्दाला खोकत होत्या, डोक्यात घण पडतात म्हणत होत्या, आणि तो तितक्याच मायेनं तेच सांगत होता.

घाबरून जाऊ नका. हे वाक्य प्रफुल्लच्या ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, त्याचंच होतं. वायुगळतीची कुठलीही बातमी त्यानं बावीस वर्षं याच वाक्यावर संपवली होती: 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये, असे आवाहन करण्यात आले आहे.' आवाहन कुणी केलं? कुणीच नाही. कारखान्याचं म्हणणं संध्याकाळी उशिरा यायचं म्हणून ते तळाला जायचं, आणि त्याच्याखाली दोन ओळींची जागा उरायची. ती जागा भरायला हे वाक्य. हात आपोआप लिहायचा. त्यात काही खोटं आहे असं कधी वाटलंच नाही, कारण त्यात काही होतंच नाही. सख्याला 'खाडीपार'ची बावीस वर्षांची पानं खाऊ घातली होती. त्या पानांत वास शेकडो वेळा आला होता आणि दर वेळी शेवटी कुणीही घाबरायचं नव्हतं. तो बिचारा जे शिकायचं ते शिकला.

लसूण. त्यानं खालच्या खणातून लाल वही काढली. आता तिला कुणी हात लावत नव्हतं. वर कुणाच्या तरी वाढदिवसाची टोपी ठेवलेली होती. त्यानं भराभर पानं उलटली. सात वर्षांपूर्वीचं पान सापडलं: सकाळी साडेसहा, सोनारपाडा, करपलेला लसूण, सरस्वती मावशी. खाली त्याच्याच हातची लाल शाई: साडेअकराला कीटकनाशकाच्या कारखान्याशेजारच्या शिवणखात्यात चौदा बायका बेशुद्ध. दोघी गेल्या. त्या दिवशी मावशी वाचल्या, कारण साडेआठला त्यानं फोन करून त्यांना गाव सोडायला लावलं होतं. 'मावशी, काहीही करा पण निघा,' असं तो ओरडला होता. ते ओरडणं कुठं छापून आलं नव्हतं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हा बंद कर," तो पायलला म्हणाला.

"इथून नाही होत, सर. त्यांच्याकडे तक्रार टाकावी लागते. चार तासांत उत्तर येतं." तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिची बोटं भराभर चालायला लागली. "टाकली. अर्जंट लिहिलंय. सर, मला नव्हतं माहीत हो."

त्यानं उभ्या उभ्या वेबसाइटसाठी चार ओळी टाइप केल्या: डोंबिवली पूर्वेतल्या रहिवाशांनी घरं सोडावीत. पडद्यानं विचारलं, माहितीचा स्रोत? त्यानं लिहिलं, त्रेचाळीस फोन. पडदा म्हणाला, पुनरावृत्ती, एकच स्रोत. त्यानं लिहिलं, मी स्वतः. स्रोत अपुरा. संपादक दिल्लीला कसल्याशा परिषदेत होते, त्यांचा फोन बंद. त्यानं वहीतल्या त्या कीटकनाशकाच्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला. जुनी ओळख होती. तो माणूस हसला. "ओव्हाळ साहेब, तुमच्याच साइटवर आलंय की, सगळं नियंत्रणात आहे म्हणून. आम्ही तेच पुढे पाठवतोय सगळ्यांना."

"पण त्यात लिहिलंय की तुम्ही तसं कळवलंय."

"आम्ही?" तो हसायचा थांबला. "आम्ही आज काहीच कळवलेलं नाही अजून. आत बघायला माणसं गेलीत, ती यायची आहेत."

प्रफुल्लनं फोन ठेवला. अग्निशमन दलाला कळवलं. तिकडच्या माणसानं पत्ता नीट लिहून घेतला, गाडी काढतो म्हणाला. मग मावशींचा नंबर लावला. लागेना, एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. त्या कुणाशी बोलत असणार हे त्याला कळलं. चौथ्यांदा एंगेज लागल्यावर त्यानं हेल्मेट उचललं.

मुंब्रा बायपासवरून स्कूटर घेताना त्याच्या मनात एकच घोळत होतं, की आपण अकरा वर्षांत एकदाही गेलो नाही. ठाणे ते सोनारपाडा, मनात आणलं असतं तर तासाभराचा रस्ता. पण फोनवर सगळं इतकं छान चाललं होतं. मावशींना डोळे नव्हते, त्याला सवड नव्हती, आणि आवाजावर दोघांचं भागत होतं. तोच आवाज आता तिथे पोचलेला होता, सकाळी सहा वीसपासून बसला होता त्या घरात, आणि आपण त्याच्या मागून चाललोय, असं त्याला वाटत होतं. शिळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर त्यानं जोरात हाक मारून बघितली. 'मावशी!' शेजारच्या टेम्पोवाल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आवाज नरड्यातल्या नरड्यात फाटला आणि डोळ्यांत पाणी आलं. दिवा गावाच्या बाजूला पाण्याचे टँकर आणि हंडे घेतलेल्या बायका, नेहमीचीच गडबड. काटई नाक्याच्या पुढे वास आला. आधी हलका, कुणीतरी फोडणी करपवली असावी असा. मग जड, जिभेवर बसणारा. माणसं नाकाला रुमाल लावून, पण आपापल्या कामाला चाललेली. चहाच्या टपरीवर त्यानं स्कूटर थांबवून सांगितलं, इथून निघा, गॅस आहे. टपरीवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोबाइल दाखवला. "ओ काका, पेपरमधे आलंय ना, टेन्शन नाय घ्यायचं. कशाला पॅनिक करता पब्लिकला?" पडद्यावर 'खाडीपार'चं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात, प्रफुल्ल ओव्हाळ.

घर विचारत विचारत सापडलं. बैठं, निळ्या रंगाचं, मागे वसाहतीची भिंत. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं. पुढं जाळीचं लोखंडी दार, त्याच्या आतलं लाकडी दार उघडं, आणि आत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेली, काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक बारकी म्हातारी. तोंडाला पदर, मांडीवर फोन. ही मावशी. त्याच्या मनातली मावशी धिप्पाड होती. त्यानं जाळी हलवली.

"मावशी, दार उघडा. मी प्रफुल्ल. 'खाडीपार'मधला."

"कोन?" तिनं मान वाकडी करून कान दिला.

"प्रफुल्ल ओव्हाळ. चला माझ्याबरोबर. हा तोच वास आहे, सात वर्षांपूर्वीचा. इथं थांबायचं नाही."

"प्रफुल्लचा आवाज मना ठावं हाय. अकरा वर्सं आयकतंय मी." ती खोकली, बराच वेळ. "तू कोन रं बाबा?"

"माझं ऑपरेशन झालं, मावशी. गळ्याचं. आवाज गेला माझा."

"कवा गेला? आता त बोलनं झालं त्याच्यासंगती."

"तो मी नाही. ते मशीन आहे. माझा जुना आवाज लावलाय त्याला." हे बोलताना त्यालाच ते इतकं खोटं वाटलं की तो थांबला. मग त्यानं भराभर आठवेल ते सांगायला सुरुवात केली. सुकटीचा डबा, रॉकेल. मिठागरातला बेडूक. पण ते सगळं पेपरात आलेलं होतं, आणि सून ते वाचून दाखवायची. जवळा करते म्हणाल्या होतात, तो म्हणाला, दर वेळी म्हणता, आणि मी येत नाही. चुकलं माझं, मावशी. आता आलोय ना. आता चला.

म्हातारी उठली. भिंत चाचपत जाळीपर्यंत आली. इतक्या जवळून तिच्या डोळ्यांतली पांढरी झाक दिसत होती, आणि वळलेली बोटं कडीवर येऊन टेकली होती. प्रफुल्लनं जाळीतून हात घालून त्या बोटांवर ठेवला. हात गार होते. तिनं ते काढून घेतले नाहीत. "हात त कामाच्या मानसाचा हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "थांब. त्यालाच इचारतंय." आणि अंगठ्यानं एक बटण दाबलं.

एकच रिंग वाजली. "नमस्कार मावशी," फोन बोलला. त्या ओसरीत तो आवाज असा काही घुमला, की प्रफुल्लला क्षणभर वाटलं, आला बुवा कुणीतरी धड बोलणारा, आता हा समजावेल हिला.

"अरं प्रफुल्ल, दारात येक मानूस आयलाय. तुजा नाव सांगतंय. चल बोलते माझ्यासंगती."

"मावशी, घाबरून जाऊ नका," आवाज म्हणाला. "अनोळखी व्यक्तीला दार उघडू नका. माझं नाव सांगून कुणी आलं तरी उघडू नका. मी तुमच्याशी फक्त याच नंबरवरून बोलतो."

"मावशी!" प्रफुल्ल ओरडला. ओरडायला तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आला तो नुसता खरखरणारा वारा. मग खोकल्याची उबळ आली आणि तो जाळीला धरून वाकला. त्यानं वर पाहिलं तेव्हा बोटं कडीवरून गेली होती. लाकडी दार हळूहळू, आंधळ्या माणसाच्या सावधपणानं, लागत होतं. आतून अडसर बसला. मग खोकला, आणि त्या खोकल्यातून मावशींचा सुटका झाल्यासारखा आवाज:

"बरं झालं रं बाबा, तू व्हतास."